रोबोट कोणाच्या हातात?

गेल्या वर्षी बेंगळुरूतल्या एका मोठ्या निवासी संकुलाच्या हॉलमध्ये मी सलग सहा शनिवार जात होते. तिथे शाळकरी मुलांसाठी रोबोटिक्सचं शिबिर होतं. संकुलातली मुलं आणि शेजारच्या सरकारी कन्नड शाळेतली मुलं एकत्र बसून शिकणार होती. पाच-पाच जणांचे गट, प्रत्येक गटाला एक लॅपटॉप आणि दोन चाकांचा एक छोटा रोबोट. शिकवायला येणारे तरुण अभियंते आपली सुटी मोडून येत होते. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, हे आधीच सांगते. मी समाजशास्त्राची संशोधक. मला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं, तेही मी मुलांबरोबरच शिकले.

तिसऱ्या शनिवारी मी वहीत एवढंच लिहायचं ठरवलं की दर दहा मिनिटांनी कोणत्या मुलाच्या हातात काय आहे. तास संपल्यावर वही पाहिली. एक गट सोडला तर सगळीकडे लॅपटॉपसमोर संकुलातलंच मूल होतं. सरकारी शाळेतली मुलं चाकं बसवत होती, वायर धरून उभी होती, फरशीवर खडूने रेषा आखत होती. सातवीतल्या एका मुलीला मी विचारलं, "आज काय केलंस?" ती म्हणाली, "अक्का, रोबोट भिंतीला आपटला की मी उचलून परत सुरुवातीला ठेवत होते." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्या वाट्याला आलेलं काम तिने नीट पार पाडलं होतं.

कोणी कोणाला "तू लॅपटॉपला हात लावू नकोस" असं म्हटलं नव्हतं. कोणी कोणाचं आडनाव विचारलं नव्हतं. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो सहज खुर्चीत बसला, ज्याच्या घरी नाही तो सहज बाजूला सरकला. जात आज बहुतेक वेळा अशीच चालते, म्हणून ती पकडणं अवघड जातं.

मुलं नेमकं काय शिकतात, ते आधी पाहू. जगभरच्या प्राथमिक शाळांत बी-बॉट नावाचा मधमाशीच्या आकाराचा रोबोट वापरतात. त्याच्या पाठीवर बाणांची बटणं असतात. पुढचा बाण एकदा दाबला की तो 15 सेंटिमीटर पुढे जातो, वळणाचा बाण दाबला की जागच्या जागी 90 अंशात वळतो. सगळ्या आज्ञा क्रमाने देऊन ठेवायच्या आणि मग त्याला सोडायचं. आधीच्या आज्ञा पुसायला विसरलात तर तो त्याही पाळतो आणि भलतीकडेच निघून जातो. मोठ्या मुलांच्या रोबोटला प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर असते आणि पुढे अंतर मोजणारा सेन्सर असतो. हा सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने परत आला यावरून अडथळा किती दूर आहे ते काढतो. "पुढे जा, मग वळ" हा झाला क्रम. "समोर भिंत असेल तर थांब" ही अट. "हेच चार वेळा कर" ही पुनरावृत्ती. चौकोन काढायचा तर पुढे जाणं आणि 90 अंशात वळणं चार वेळा सांगायचं, बस्स. जगातला कितीही मोठा प्रोग्रॅम घ्या, त्याच्या मुळाशी या तीन गोष्टी असतात.

हे मुलांना रोबोटमधून शिकवावं, ही कल्पना जुनी आहे. 1967 साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन, वॉली फॉयरझाइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा तयार केली. पुढे तिला जमिनीवर फिरणारं एक यांत्रिक कासव जोडलं गेलं. कासवाने कुठे वळायचं हे कळत नसेल, तर मुलाने स्वतः उठून कासवासारखं चालून पाहायचं. पेपर्ट यांचा दुसरा मुद्दा माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात कोणाचाच चालत नाही. चूक आज्ञांच्या क्रमात असते, ती शोधता येते आणि दुरुस्त करता येते. ती मुलाच्या डोक्यात नसते.

आपल्या घरांतल्या मुलांसाठी ही साधी गोष्ट नाही. पाढा चुकला की "यांच्याकडे डोकंच नाही" हे ऐकत आपल्या कित्येक पिढ्या शाळेबाहेर पडल्या. चुकीचं उत्तर हा आपल्या जन्माचा पुरावा मानला जात होता. वर्गात हात वर करायची आपल्याला वाटणारी भीती तिथून आलेली आहे. पहिल्या पिढीतल्या पदवीधरांना ही भीती समजावून सांगायची गरज नाही. अशा मुलाला एखादं यंत्र दहा वेळा चुकू देतं आणि दहाही वेळा न हसता, न रागावता पुन्हा करू देतं, तेव्हा त्या मुलाला बरंच काही परत मिळत असतं. म्हणून "रोबोटिक्स हे श्रीमंतांचं फॅड, आपल्याला काय करायचंय" असं म्हणणाऱ्या मित्रांशी मी सहमत नाही. ते आपल्याला हवंच आहे.

पण रोबोट जात विचारत नाही, हे अर्धंच सत्य आहे. तो विचारत नाही, मात्र त्याच्यापर्यंत कोण पोचणार हे तो ठरवत नसतो. 1936 साली 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जातिव्यवस्था कामाची वाटणी करते एवढंच तिचं वर्णन पुरेसं नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते आणि त्यांना एकावर एक रचते. शिबिरातल्या पाच जणांच्या गटात मला तेच दिसलं. विचार करणारा एक, सांगितलेलं करणारे चार. "टीमवर्क छान झालं" असा शेरा सगळ्यांना सारखाच मिळाला. शिकणं मात्र सारखं झालं नाही.

यात एक मोठा विरोधाभास आहे. आजच्या शिक्षणात 'टिंकरिंग' या शब्दाला फार मान आहे. हातांनी खोला, जोडा, मोडा, शिका. पण हातांनी शिकणं या देशात नवीन थोडंच आहे? कातडं कमावणारे, लोखंड घडवणारे, बांबू विणणारे, माग चालवणारे समाज शतकानुशतकं हेच करत आले. त्यांच्या ज्ञानाला ज्ञान म्हणायचं नाही, हे व्यवस्थेने ठरवलं होतं. अजंथा सुब्रमण्यन यांनी 'द कास्ट ऑफ मेरिट' या 2019 च्या पुस्तकात मद्रास आयआयटीचा इतिहास मांडताना हे दाखवलं आहे की भारतात अभियांत्रिकीला प्रतिष्ठा मिळत गेली तसतसं ते कारागिरांच्या हातापासून दूर गेलं, सवर्णांच्या 'बुद्धी'चं क्षेत्र बनलं आणि त्या बुद्धीला गुणवत्ता हे नाव मिळालं. बेंगळुरूच्या एसपी रोडवर, म्हणजे सदर पत्रप्पा रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकानं खच्चून भरली आहेत. मोटर, सेन्सर, चाकं सगळं तिथे सुटं मिळतं. अशा बाजारात दुरुस्तीच्या टेबलावर मामाच्या हाताखाली सोल्डरिंग करणारा पोरगा रोज टिंकरिंग करतो. त्याला कोणी प्रमाणपत्र देत नाही. तेच काम वातानुकूलित खोलीत एखाद्या मुलाने केलं की त्याच्या गळ्यात पदक पडतं.

'रोबोट' हा शब्द कुठून आला हेही आपल्या वाचकांना माहीत असावं. कारेल चापेक या चेक लेखकाने 1920 साली लिहिलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून तो जगभर पसरला. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदारासाठी कुळांनी सक्तीने करायचं काम. आपल्याकडे त्याला थेट शब्द आहे, वेठ. महार वतनाच्या नावाखाली गावाने आणि सरकारने दिवसरात्र कोणतंही काम सांगायचं आणि आपल्या माणसांनी ते मुकाट करायचं, त्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना फक्त आज्ञा ऐकायच्या होत्या, त्यांच्या नातवंडांनी आज्ञा लिहायला शिकणं हा म्हणूनच एखाद्या विषयाच्या अभ्यासक्रमापुरता प्रश्न राहत नाही.

पाचव्या शनिवारी जे घडलं त्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. त्या दिवशी प्रत्येक गटाने एक प्रकल्प निवडायचा होता. पडद्यावर नमुने दाखवले गेले. त्यात 'स्मार्ट डस्टबिन' होता. हात जवळ नेला की सेन्सरला कळतं आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण आपोआप उघडतं. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हा प्रकल्प हमखास दिसतो. रोबोट उचलून ठेवणारी ती मुलगी या वेळी स्वतःहून बोलली. "झाकण उघडून काय होणार? आत काच आहे का ते सांगणारा डबा करू या. आईच्या हाताला काच लागते." तिची आई कचरा गोळा करण्याच्या कामावर आहे. बेंगळुरूत ओला आणि सुका कचरा वेगळा देणं 2012 पासून बंधनकारक आहे. तरी पिशवीत हात घालून तो निवडणारी बाई कोणत्या वस्तीतून येते, हे शहराला ठाऊक आहे.

शिकवणारा मुलगा हसून म्हणाला, "आयडिया चांगली आहे, पण खूप कॉम्प्लिकेटेड होईल. आपण सोपं काहीतरी घेऊ." तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता. अंतर मोजणाऱ्या त्या सेन्सरला काच आणि कागद यांतला फरक कळत नाही. गटाने झाकणाचा डबा केला. मीही काही बोलले नाही. आठवडाभर ते मला टोचत राहिलं. त्या मुलीने प्रोग्रॅमिंगची एकही ओळ न लिहिता अभियंत्याचं पहिलं काम केलं होतं. प्रश्न कोणता आहे, हे तिने ओळखलं होतं. आणि शिबिराने तिला शिकवलं की तुझा प्रश्न इथला नाही.

झाकण उघडायला हात लावावा लागू नये, हा कचरा टाकणाऱ्याचा प्रश्न आहे. काच कापू नये, हा कचरा उचलणाऱ्याचा. कोणता प्रश्न सोडवण्याजोगा ठरतो, हे टेबलाभोवती कोण बसलंय यावर ठरतं. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्याला बंदी करणारा कायदा 2013 चा. गटारातल्या मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली 10 लाख ठरवली आणि 2023 साली 30 लाख केली. मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' हा रोबोट केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी तयार केला आणि तो 2018 साली तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. म्हणजे हे करता येत होतं. उपग्रह सोडणाऱ्या देशाला त्यासाठी इतकी वर्षं लागली, याचं कारण तंत्रज्ञानात शोधून सापडणार नाही. या शहरातल्या आयटी उद्योगाचा दीर्घ अभ्यास केलेल्या कॅरल उपाध्या यांनी नोंदवलं आहे की 'आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो' म्हणणाऱ्या या उद्योगातले बहुतेक लोक शहरी, मध्यमवर्गीय, वरच्या जातींतल्या घरांतून येतात. गटारात मरणाऱ्या माणसाचा भाऊ किंवा बहीण त्या टेबलाशी क्वचितच असते.

आता धोरणाकडे येऊ. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंग आणायचं म्हटलं आहे. 2016 पासून निती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पण अर्जासाठी शाळेकडे आधीच सुमारे 1,500 चौरस फूट बांधीव जागा, संगणक, इंटरनेट आणि खात्रीची वीज असावी अशी अट राहिली. ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच आणखी मिळावं, याची सोय अटीतच झाली. सरकारच्याच 2023-24 च्या यूडायस प्लस अहवालानुसार देशातल्या 57.2 टक्के शाळांतच चालू संगणक होते आणि 53.9 टक्के शाळांत इंटरनेट. उरलेल्या शाळांत कोणाची मुलं शिकतात, हे शोधायला संशोधक लागत नाही. 2025 च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत 50,000 अशा लॅब उभारण्याची घोषणा झाली. स्वागत आहे. मात्र या लॅब कोणत्या शाळांना, कोणत्या क्रमाने मिळणार, हा आपण आजच विचारायचा प्रश्न आहे.

केरळने वेगळी वाट धरली. 2018 मध्ये तिथल्या शाळांत 'लिटल काइट्स' हे विद्यार्थ्यांचे आयटी क्लब सुरू झाले. शाळांना रोबोटिक किट मिळाले आणि 2025-26 पासून दहावीच्या आयसीटी पाठ्यपुस्तकात रोबोटिक्स सगळ्याच मुलांसाठी आलं. निवडक हुशार मुलांसाठी लॅब आणि सगळ्यांसाठी पाठ्यपुस्तक, यात फार फरक आहे. पाठ्यपुस्तकात आलेली गोष्ट कोणाची मेहेरबानी उरत नाही. ब्रिटनमध्ये 2016 साली बीबीसीने 'मायक्रो:बिट' हा छोटा संगणक सातव्या इयत्तेतल्या मुलांना मोफत वाटला, तोही याच विचाराने. पाच जणांत एक आणि प्रत्येकाच्या हातात एक, यात खुर्चीवरून बाजूला सरकण्याचा प्रसंगच येत नाही.

ही मागणी आपल्या चळवळीला नवी नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना ऑक्टोबर 1942 मध्ये बाबासाहेबांनी सरकारला दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी खास शिष्यवृत्त्या मागितल्या, देशातही आणि परदेशातही. हे शिक्षण महाग आहे आणि सरकारच्या मदतीशिवाय ते आपल्या मुलांच्या आवाक्यात येणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. कर्नाटकात 2013 पासून अनुसूचित जाती आणि जमातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवणारा कायदा आहे. सरकारच्या निवासी शाळा आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळा आहेत. पहिल्या लॅब तिथे उघडा, ही मागणी आपण करायला हवी. शिकवायला शनिवारी येणारा स्वयंसेवक पुरेसा नाही. कायम नोकरीतला, प्रशिक्षित आणि मुलांच्या भाषेत बोलणारा शिक्षक हवा.

सरकार हलेपर्यंत थांबायचं का? बेंगळुरूत मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या कार्यकर्त्यांनी बन्नेरघट्टा रस्त्यालगतच्या एका वस्तीत 'आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटर' चालवलं होतं. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर वस्तीतली मुलं तिथे संगणक शिकली. मुलांना संकुलाच्या हॉलमध्ये पाहुणे म्हणून नेण्याऐवजी संगणक वस्तीत आला, हे त्यातलं मला मोलाचं वाटतं. आपल्यापैकी कितीतरी जण आज अभियंते आहेत, पुणे-बेंगळुरू-हैदराबादच्या कंपन्यांत आहेत. आपल्या वस्त्यांत अभ्यासिका आहेत, विहारं आहेत. तिथे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी दोन-चार रोबोट का असू नयेत?

किट नसेल तरी सुरुवात होते. फरशीवर खडूने चौकटी आखा. एका मुलाला रोबोट करा, दुसऱ्याला आज्ञा द्यायला लावा. मराठीतच, "दोन घरं पुढे, उजवीकडे वळ, भिंत आली तर थांब." रोबोट चुकला की दोघांनी मिळून आज्ञा तपासायच्या, मग अदलाबदल करायची. किट आलं तर एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा. घड्याळ लावा, दर दहा मिनिटांनी लॅपटॉप पुढच्या हातात गेला पाहिजे. ज्याला येतं त्याने तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही. मुलींची पाळी आधी. आणि प्रकल्प निवडताना पडद्यावर नमुने दाखवू नका. "घरी कोणाला कोणत्या कामाचा त्रास होतो?" एवढंच विचारा आणि येणारी उत्तरं फळ्यावर लिहा, सोडवता येवोत किंवा न येवोत.

सहाव्या शनिवारी मी शिकवणाऱ्यांना माझी वही दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि त्या दिवशी घड्याळ लावलं. ती मुलगी लॅपटॉपसमोर बसली. पहिली दहा मिनिटं तिला अक्षरं शोधण्यातच गेली आणि बाजूचा मुलगा अधीर झाला. दुसऱ्या पाळीत रोबोट वळला, पण उलट्या बाजूला. ती हसली, उठली, रोबोटसारखी स्वतः चालून आली आणि परत येऊन आज्ञा बदलली. काच ओळखणारा डबा काही झाला नाही, शिबिर तिथेच संपलं. पण जाताना तिने मला विचारलं, "अक्का, काच ओळखणारा सेन्सर असतो का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. आपल्या वाचकांत ते माहीत असणारे नक्की असतील. त्यांनी आपल्या जवळच्या वस्तीत एक शनिवार द्यावा.